भिंतीकडची खुर्ची

६ जानेवारी

चि. छोट्यास,
अ. उ. आ.

काल सहज फोन केला आणि तो तुझ्याऐवजी वहिनीने उचलला, म्हणून कळलं. तुझ्या हातून कंगवा पडतो. एकदा नाही, दिवसातून चार-चारदा. मान आखडते, खांद्यापासून खाली कळ जाते, आणि उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट बधिर होतं. हे म्हणे पाच महिने चाललंय. या पाच महिन्यांत तुझी तीन पत्रं आली. त्यातल्या एकात समोरच्या चपलांच्या दुकानातली मांजर व्यायली त्याचं दीड पान वर्णन होतं. मांजरीच्या बाळंतपणाला दीड पान आणि स्वतःच्या हाताला एक ओळ नाही! धन्य आहे तुझी.

फोनवर सांगत नाही, कारण फोनवर तू हो ताई, हो ताई म्हणतोस आणि ठेवून देतोस. कागदावर लिहिलेलं मला ऐकूच आलं नाही असं म्हणता येत नाही. तेव्हा नीट वाच. सकाळी उठल्यावर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून मानेला आणि खांद्याला पंधरा मिनिटं. मग खांदे मागून पुढे दहा वेळा, पुढून मागे दहा वेळा, सावकाश. मान डावीकडे, मध्ये, उजवीकडे, मध्ये. झटका अजिबात नाही. उशी एकच, पातळ. गिऱ्हाइकांची मान तू कडकन मोडून देतोस ना फुकटात, तसला प्रकार स्वतःच्या मानेवर करत असशील तर आजपासून बंद. आणि गिऱ्हाइकांवरही बंद.

चौतीस वर्षं शाळेत कवायत शिकवली मी. तीनशे पोरांना एका शिट्टीत सरळ उभं केलं. घरातला एक न्हावी काही सरळ होईना. उलट टपाली कळव काय काय केलंस ते.

माया आहे म्हणूनच ओरडते, हे ध्यानात असू दे.
तुझी,
ताई

१७ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट फोडायच्या आधीच शिट्टी ऐकू आली. रागावू नकोस. तुला कळवलं नाही कारण कळवण्यासारखं काही नव्हतं. माणूस दिवसभर उभा राहून हात वर धरून काम करतो, त्याचा खांदा दुखणारच. न्हाव्याचा खांदा दुखला नाही तर लोक विचारतील, धंदा बसला की काय.

तू सांगितलेलं सगळं करतोय. शिवाय इतरांनी सांगितलेलंही करतोय, आणि ते सांगणारे कमी नाहीत. गळ्याभोवती कापड बांधून खुर्चीत बसवला की कुठलाही माणूस पाच मिनिटांत डॉक्टर होतो. एक म्हणाला कापराचं तेल कोमट करून चोळा. दुसरा म्हणाला तेल नको, बर्फ लावा. वाणसामानवाला म्हणतो गादी सोडा, जमिनीवर झोपा. रिटायर पोस्टमास्तरांच्या मते हा गॅस आहे. त्यांच्या मते जगात जे जे दुखतं ते सगळं गॅसनेच दुखतं. कुणाचंच मन मोडवेना, म्हणून परवाच्या सुट्टीला मी सगळंच केलं. जमिनीवर झोपलो, उठून तेल चोळलं, बर्फ लावला, मग तुझी पिशवी. दुपारपर्यंत सांगता येईना की मी आजारी आहे की लोणच्यासारखा मुरत घातलाय.

एक छोटी गंमत झाली. पिशवी अंगठ्यालाही लावून बघितली तर फोड आला. शेकताना कळलंच नाही. नंतर हिने आरडाओरडा केला तेव्हा बघितलं. तुझ्या शेकाचा दोष नाही, टॉवेल गुंडाळायचा राहिला होता.

मांजरीची पिल्लं आता डोळे उघडून हिंडतात. एक आपल्या दुकानात येऊन कापलेल्या केसांवर झोपतं.

तुझा राग कमी व्हावा आणि लोभ आहे तेवढाच राहावा.
तुझा,
छोट्या

२४ जानेवारी

चि. छोट्यास,
अ. उ. आ.

शेकताना कळलंच नाही, हे वाक्य तू असं लिहिलंयस की जणू दूध उतू गेलं. अरे माणसा, चटका बसून फोड येईपर्यंत ज्या अंगठ्याला पत्ता लागत नाही, त्याच अंगठ्यात तू वस्तरा धरतोस! लोकांच्या गळ्यावर! हे वाचून मी चहाचा कप हातातून खाली ठेवला आणि लगेच कागद पुढे ओढला.

आता घरगुती उपाय पुरे. माझेही पुरे. बधिर जागेला शेक द्यायचा नसतो हे मी लिहायला हवं होतं, ते राहिलं, तेवढी माझी चूक. द्यायचाच तर आधी दुसऱ्या हाताने पिशवीची ऊब बघायची. पण शेकाने, तेलाने आखडलेला स्नायू मोकळा होतो, दबलेली नस नव्हे. तेव्हा डॉक्टर. उद्या नाही, आज. पोस्टमास्तरांना म्हणावं, गॅस तुमच्यापाशीच ठेवा.

आणि दुकान आठ दिवस बंद ठेव. आभाळ कोसळत नाही. बंद ठेव म्हणतेय, बदल म्हणत नाहीये. बाबांची खुर्ची उपटायला निघाला होतास तू एकदा, ते मी विसरलेले नाही. ती आहे तिथे राहू दे, पुसत जा, आणि आठ दिवस तिलाही आराम दे आणि तुलाही.

तुझं अक्षर बघितलंस का? शेवटच्या चार ओळी उतरत उतरत कागदाच्या कोपऱ्यात गेल्यात. मला वाटलं होतं तू घाईत आहेस. आता तसं वाटत नाही.

काळजीने हैराण,
ताई

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गेलो बाई डॉक्टरकडे. त्यांनी तपासून फोटो काढायला लावला. मानेतली नस दबलीय. त्यांनी एका फिजिओबाईंकडे पाठवलं. बाई वयाने लहान आहेत पण तुझ्या वर्गातल्या शोभतील. हनुवटी आत, खांदे खाली, पाच आकडे थांबा. मी चुकलो की नुसत्या बघतात, तेवढ्याने पुरे होतं.

दुकान आठ दिवस बंद ठेवलं. खरं सांगतो, पाचव्या दिवशी बरं वाटलं. बोटांना मुंग्या कमी झाल्या, झोप लागली. सोमवारी दुकान उघडलं. बुधवारी सकाळी पुन्हा कळ, आणि शुक्रवारी जे झालं ते तुला सांगायला हात उचलत नाहीये, दोन्ही अर्थांनी म्हण हवं तर. पोस्टमास्तरांची दाढी करत होतो. वस्तरा फिरला. कानाखाली बोटभर कापलं. तुरटी लावली, रक्त थांबलं. ते बिचारे म्हणाले काही झालं नाही, चालू दे. पण मी उरलेली अर्धी दाढी केली नाही, ताई. माझ्याने वस्तरा उचलवेना. ते अर्ध्या दाढीने घरी गेले.

तीस वर्षांत माझ्या हातून कुणाला लागलं नव्हतं. आता दाढीला आलेल्यांना मी चौकातल्या दुकानात पाठवतो, फक्त केस कापतो. बाईंनी एका यंत्रावर माझी पकड मोजली. डाव्या हाताच्या निम्मी भरली. अंगठ्याच्या बुडाचं मांस कमी झालंय म्हणाल्या. मार्चअखेर परत मोजणार. तोवर वाढली नाही तर मानेचं ऑपरेशन, आणि त्यानेही पकड पूर्ण येईलच असं कुणी लिहून देत नाही. मला दुसरं काही येत नाही हे तुला ठाऊकच आहे.

बाई म्हणाल्या, तुम्ही काम करताना कसे उभे राहता ते दाखवा. मी म्हटलं दुकान लहान आहे, दोघं मावत नाहीत.

व्यायाम नेमाने करतोय. चिंता करू नकोस, पण आठवण ठेव.
तुझा,
छोट्या

१८ फेब्रुवारी

चि. छोट्यास,
अ. उ. आ.

पोस्टमास्तरांचं वाचून जीव गलबलला. पण रडत बसायला मला वेळ नाही, कारण तुझ्या पत्रात एक गोष्ट आहे जी तुला सोडून कुणाच्याही लक्षात येईल. आठ दिवस घरी होतास तर बरं होतं. तीन दिवस दुकानात गेलास तर पुन्हा सुरू. म्हणजे घोडं अडतंय ते दुकानात. तिथे तू काहीतरी भलतंच करतोस. कसा उभा राहतोस? बाई विचारतात ते बरोबर विचारतात, आणि तू दुकान लहान आहे म्हणून टोलवतोस? दुकान लहान आहे, पण डॉक्टरीण उभी राहील एवढं तर नक्कीच आहे. बाकावर बसून मी लहानपणी गृहपाठ केलाय तिथे.

बरं, त्यांना दाखवायची लाज वाटते तर मला दाखव. शाळेत पोरं वाकडी उभी राहायची तेव्हा मी एक करायचे. तळव्यांना खडू फासायचा, नेहमीसारखं उभं राहायचं, जमिनीवर ठसे उमटतात. माणूस खोटं बोलतो, पाय बोलत नाहीत. तू तसंच कर. वर्तमानपत्र पसर, खडू फास, खुर्चीत कुणाला तरी बसव, आणि त्याचे केस काप. ठसे उमटतील त्यांच्याभोवती पेन्सिल फिरव आणि कागद घडी करून मला पाठव. खुर्ची कुठे, भिंत कुठे तेही काढ.

आठवड्याच्या आत कागद आला पाहिजे. नाही आला तर मी येईन, आणि मी आले की काय होतं ते तुला माहीत आहे.

वैतागलेली पण तुझीच,
ताई

२७ फेब्रुवारी

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

सोबत कागद आहे. हा यांनी पाठवलेला नाही, मी पाठवतेय. यांनी ठसे काढले, बघितले आणि कागद चुरगळून केरात टाकला. मी तो काढून इस्त्री केली. मी पत्र लिहिलंय हे यांना माहीत नाही. खुर्चीबद्दल तुम्हाला काही कळवायचं नाही अशी यांनी मला शपथ घातली होती, ती मी आज मोडतेय. मला या दोन भावंडांचा आता खरोखर कंटाळा आलाय, स्पष्ट लिहिते, माफ करा.

कागद बघा. डावा पाय पूर्ण उमटलाय. उजव्याचा फक्त चवडा आहे, टाच नाहीच. कारण हे डाव्या पायावर तोल टाकून खुर्चीवरून पलीकडे वाकतात. खुर्चीच्या उजव्या अंगाला वीतभर अंतरावर भिंत आहे. मामंजी डावखुरे होते. ते डावीकडून काम करायचे, त्यांना भिंतीची अडचण कधी झालीच नाही. हे उजव्या हाताचे. यांना उभं राहायला जागा हवी उजवीकडे, तिथे भिंत. मग डावीकडून गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून हात पलीकडे न्यायचा, मान तिरकी करायची, आणि असं दिवसाला वीस डोकी. मामंजी होते तोवर हे दाराशी लाकडी खुर्चीवर काम करायचे, तेव्हा काही नव्हतं. मामंजी गेल्यावर मोठ्या खुर्चीवर आले. त्याला अकरा वर्षं झाली.

त्याच वर्षी यांनी गवंडी बोलावला होता, खुर्ची तीन फूट सरकवायला. तुम्ही नेमक्या आला होतात. तुम्ही दारात उभ्या राहून सांगितलंत की बाबांनी स्वतःच्या हातांनी जिथे बसवली तिथून ती खुर्ची हलली तर मी या दुकानाची पायरी चढणार नाही. यांनी गवंड्याला चहा पाजून परत पाठवलं. तुम्ही तरीही सहा महिने पत्र लिहिलं नाहीत. तेव्हापासून खुर्चीचा विषय आमच्या घरात कुणी काढत नाही.

परवा फिजिओबाई केस कापायचं निमित्त करून स्वतःच दुकानात आल्या. दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, तुमचा दहा मिनिटांचा व्यायाम या दहा तासांना पुरा पडणार नाही. खुर्ची सरकवा. हे म्हणाले, नाही सरकवता येत. का ते सांगितलं नाही. तुमचं नाव घेतलं नाही.

तुमचे उपाय हे सगळे करतात, वन्सं. तुम्ही सांगाल ते सगळं करतात. अडचण तीच आहे.

आपली कृपा असू द्यावी, आणि यापुढे ती जरा सैलसर असावी.
आपली,
भावजय

३ मार्च

चि. छोट्यास,
अ. उ. आ.

कागद मिळाला. कुणी पाठवला ते विचारू नकोस आणि तिला एक शब्द बोलशील तर खबरदार.

मी काय केलं ते सांगते. कागद माझ्या खोलीत भिंतीजवळ पसरला. तुझ्या ठशांवर माझे पाय ठेवले. मधे स्टुलावर घागर ठेवली, तिला डोकं मानलं, आणि कंगवा घेऊन पलीकडून भांग काढायला लागले. घड्याळ लावून. चार मिनिटांनी खांदा भरून आला. सातव्या मिनिटाला मान अशी धरली की मी मटकन खाली बसले. सात मिनिटं, छोट्या! मी कवायतीची बाई! आणि तू अकरा वर्षं.

तू मूर्ख आहेस. मला एक पत्र टाकता येत नव्हतं? ताई, भिंत आडवी येते, एवढंच लिहायचं होतं. मी काय राक्षसीण आहे? असेन. सहा महिने बोलले नाही म्हणजे असेनच. बाबा गेल्यावर त्यांचं असं जागचं हललेलं काही बघवत नव्हतं मला. घर तुम्ही रंगवलंत, त्यांची कपाटं दिलीत, मी काही बोलले नाही. खुर्ची तेवढी राहिली होती. मला वाटलं ती जिथे आहे तिथे बाबा आहेत. तिच्यापायी तुझा हात जातोय हे मला दिसलं नाही, आणि मी इथून तुला खांदे फिरव, उशी पातळ कर असली पत्रं पाठवत बसले. शरम वाटते रे.

रविवारी सकाळच्या बसने येतेय. मोठा पाना आणून ठेव. पहिला बोल्ट मी काढणार. नको म्हणायचं नाही. मंगळवारी गवंडी बोलाव. मी मात्र रविवारीच दुपारच्या बसने परत जाईन, कारण ती जागा रिकामी झालेली मला लगेच बघवणार नाही, तेवढं चालवून घे.

तुझा हात वाचू दे, दुसरं काही मागणं नाही.
तुझी,
ताई

६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधी महत्त्वाचं. परवा पकड मोजली. डाव्याच्या निम्मी होती, आता पाऊण भरली. बाई पहिल्यांदा हसल्या. ऑपरेशन तूर्त नाही. अंगठ्याचं टोक अजून बधिर आहे, ते कदाचित तसंच राहील म्हणतात. पण काल पोस्टमास्तर आले, स्वतःहून गालाला साबण लावून बसले आणि डोळे मिटले. दाढी केली. दोन्ही बाजू. उजवीकडे उभा राहून, सरळ. उठताना म्हणाले, बघ, गॅस गेला. मी मान्य केलं.

आता दुसरी गोष्ट. ही तुला फोनवर सांगणार होतो, पण तुझाच नियम आहे.

तू बोल्ट काढून गेलीस. मंगळवारी गवंडी आला. खुर्ची सरकवली, नव्या जागी खडूने चार खुणा केल्या आणि भोकं पाडायला बसला. बसला तो तसाच थांबला. म्हणाला, इथे भोकं आहेत. फरशीवर चार गोल काळसर ठिपके आहेत ना, जुने, ते मी रोज झाडतो. तीस वर्षं मी त्यांना डाग समजत होतो. त्याने छिन्नीने टोकरलं तर सिमेंट निघालं आणि खाली बोल्टाची भोकं. आपल्या खुणांपासून दोन बोटं इकडेतिकडे, बस्स.

मी पोस्टमास्तरांना विचारलं. बाबांच्या आधी इथे बाबांचे उस्ताद बसायचे, ते उजव्या हाताचे. ते गेल्यावर दुकान बाबांकडे आलं. पोस्टमास्तर तेव्हा विशीत होते. ते सांगतात, पहिल्याच दिवशी बाबांनी खुर्ची उपटली आणि भिंतीकडे नेली. उस्तादांच्या बायकोने येऊन तमाशा केला, त्यांची खुर्ची हलवलीस म्हणून. बाबा म्हणाले, खुर्ची त्यांची आहे, हात माझा आहे.

ताई, मी हे ऐकून खुर्चीत बसलो आणि कितीतरी वेळ हसत होतो. मग तुझी आठवण आली आणि हसू थांबलं.

आता मी सकाळी सवयीने डावीकडे जातो आणि खुर्चीच्या पायपट्टीला ठेचकाळतो. जाईल सवय. एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी पायरी चढताना तू भिंतीला धरून उजवा पाय आधी ठेवत नव्हतीस. उतरताना आडवी उतरलीस. हिने पण बघितलं. मी विचारलं तर बस चुकेल म्हणालीस.

उत्तराची वाट बघतोय. टाळलंस तर मी येईन.
तुझा,
छोट्या

ता. क. अक्षर बघ. शेवटची ओळ सरळ आलीय.

१२ एप्रिल

चि. छोट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र चारदा वाचलं. खुर्ची त्यांची आहे, हात माझा आहे. म्हणजे बाबांनी मला हे कधी सांगितलं नाही, तू मला भिंतीचं सांगितलं नाहीस, आणि मी अकरा वर्षं ज्या जागेसाठी भांडले ती बाबांनी भांडून घेतलेली होती. या घरात कुणी कुणाला वेळेवर काही सांगत नाही. आपल्या रक्तातच ही खोड आहे, तिला कुठला शेक लागू पडायचा नाही.

जुन्या जागेवरची ती चार भोकं बुजवून टाक, त्यात केस अडकतील. बुजवलीस की मात्र त्यांवरून रोज झाड, आणि डाग समजू नकोस.

वहिनीला म्हणावं, मोडलेल्या शपथेबद्दल तिचे पाय धरायला पुढच्या महिन्यात येतेय, वाकता आलं तर.

उजवा गुडघा दोन वर्षं दुखतोय. कुणालाच सांगितलं नाही. तुझ्या बाईंकडे नंबर लावून ठेव. सोबत वर्तमानपत्र आहे, खडूचं. उजवी टाच उमटलेली नाही. ओरडायचं असेल तर पत्रातच ओरड.

तुझी,
ताई